मालार्मेची दुपार, देबुसीची बासरी: शब्द न गाता कवितेला दिलेलं संगीत

कविता आवडली की तिला चाल लावायची, ही आपल्याकडची रुळलेली रीत. शब्द नीट ऐकू आले पाहिजेत, ओळ मोडता कामा नये, चालीनं अर्थावर कुरघोडी करायची नाही. भावगीतावर वाढलेल्या कानाला याहून वेगळं काही असू शकतं हे पटकन पटत नाही. पण १८९४ साली पॅरिसमध्ये क्लोद देबुसी या संगीतकारानं मालार्मेच्या ‘एका फॉनची दुपार’ (फॉन म्हणजे रोमन पुराणांतला रानदेव) या कवितेवर वाद्यवृंदासाठी साधारण दहा मिनिटांची रचना केली आणि तिच्यातला एक शब्दही कुणाला गायला दिला नाही. कविता ११० ओळींची होती. कवी जिवंत होता, त्याच शहरात राहत होता, आणि संगीताबद्दल त्याची मतं फार ठाम होती. रचना ऐकून त्यानं दाद दिली. ती दाद मनापासूनची होती की सभ्यतेची, यावर अजून दोन मतं आहेत.

देबुसीनं कवितेतून काय उचललं आणि काय जाणूनबुजून सोडलं, एवढंच इथे पाहायचं आहे.

गोष्ट नसलेली कविता

स्तेफान मालार्मे पोटासाठी शाळेत इंग्रजी शिकवायचा. फॉनवरची ही कविता त्यानं १८६५ मध्ये लिहायला घेतली, तेव्हा ती रंगमंचासाठी होती. एकट्या नटानं बोलायचं स्वगत. थिओदोर द बांव्हिल हा कवी आणि कोक्लां हा नट यांनी ते ऐकलं आणि नकार दिला. यात प्रेक्षकाला धरून ठेवेल असा प्रसंगच नाही, हे त्यांचं म्हणणं. दहा वर्षांनी कवितेचं नवं रूप एका काव्यसंग्रहाकडे गेलं. तिथल्या निवड समितीत लेखक आनातोल फ्रान्स होता. तिथूनही ती परत आली. अखेर १८७६ मध्ये एदुआर मानेच्या चित्रांसह छोटी, देखणी पुस्तिका निघाली. प्रती १९५.

बांव्हिल आणि कोक्लां यांचा शेरा चुकीचा नव्हता. सिसिलीतली रणरणती दुपार, दलदलीचा काठ. अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असा हा रानातला फॉन जागा होतो. त्याला दोन अप्सरा आठवतात. त्यांना मी चिरंतन करणार, असं तो पहिल्याच ओळीत म्हणतो आणि लगेच त्याचा पाय डळमळतो: मी प्रेम केलं ते स्वप्नावर तर नाही? मग तो पुरावे गोळा करू लागतो. छातीवर दाताचा व्रण आहे, पण कुणाच्या दाताचा? बासरीसाठी वेत तोडत असताना दूर काहीतरी पांढरं हललं होतं. ते हंस होते की जलदेवता? दोघी एकमेकींच्या मिठीत झोपल्या होत्या. मी त्यांना तसंच उचलून गुलाबांच्या झुडपापाशी नेलं, त्यांना एकमेकींपासून सोडवायला गेलो आणि त्या निसटल्या. हे घडलं का? दुपार काही सांगत नाही.

कवितेच्या साधारण मध्यावर एक जागा आहे. फॉन म्हणतो, द्राक्षांतला उजेड चोखून घेतल्यावर मी रिकामी सालं आकाशाकडे धरतो, त्यांत हवा फुंकतो आणि संध्याकाळ होईपर्यंत त्यांच्यातून बघत बसतो. रस संपलेला आहे आणि हा सालीतून जग बघतोय. त्याच्या थोडं आधी तो बासरीबद्दल बोलतो. मिटल्या डोळ्यांपुढे तरळणारी एखादी पाठ, एखादी कूस यांचं नेहमीचं स्वप्न विरवून टाकायचं आणि त्यातून एकच ओढायची: ‘नादमय, व्यर्थ, एकसुरी रेष’.

देबुसीची पहिली चार मापं (पाश्चात्त्य संगीतातले तालाचे छोटे समान तुकडे, ‘बार’) ऐकताना मला ही ओळ आठवल्याशिवाय राहत नाही. त्यानं कवितेतलं सगळ्यात जास्त काही घेतलं असेल तर ते इथून, असं माझं मत आहे. पण त्याकडे जाण्याआधी हा माणूस कवितांपाशी कसा पोचला ते थोडक्यात सांगायला हवं.

कवींच्या संगतीत वाढलेला संगीतकार

देबुसी १८६२ मध्ये पॅरिसजवळच्या सें-झेर्मां-आं-ले इथे जन्मला. वडलांचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं, ते बुडालं. पुढे १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे शहरातल्या बंडखोर राजवटीच्या बाजूनं, लढल्याबद्दल ते तुरुंगात गेले. तुरुंगात त्यांची ओळख शार्ल द सिव्री नावाच्या संगीतकाराशी झाली आणि सिव्रीच्या आईनं, मादाम मोते यांनी, पोराला पियानो शिकवायला घेतलं. त्या कवी पॉल व्हर्लेनच्या सासूबाई. त्याच वर्षी त्यांच्या घरी तरुण कवी आर्थर रँबो येऊन थडकला होता आणि जावयाचा संसार उधळायला सुरुवात झाली होती. नऊ वर्षांच्या मुलाला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. कादंबरीत हा योगायोग लिहिला असता तर संपादकानं काट मारली असती.

पुढे व्हर्लेनच्या कवितांना देबुसीनं पुन्हापुन्हा चाली दिल्या. ‘क्लेर द ल्यून’ ही एकच कविता त्यानं दोन वेगवेगळ्या वेळी, दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी गाण्यात बांधली आणि त्याच नावाचा तो जगप्रसिद्ध पियानोचा तुकडाही लिहिला. बोदलेअरच्या पाच कवितांची गाणी १८९० मध्ये वर्गणीदार जमवून, दीडशे प्रतींत छापली गेली. त्यांत जर्मन संगीतकार वाग्नरचा दाट रंग आहे. ती मालार्मेच्या कानावर गेली आणि त्याला आवडली.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. देबुसीला ‘इम्प्रेशनिस्ट’, म्हणजे मोनेसारख्या प्रकाशाच्या धूसर छटा रंगवणाऱ्या चित्रकारांच्या पंथातला, म्हणायची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी लावली. हा शब्द त्याच्यासंदर्भात पहिल्यांदा आला तो शिव्याशापासारखा. १८८७ मध्ये रोमहून पाठवलेल्या त्याच्या रचनेवर फ्रान्सच्या ललितकला अकादमीनं ‘मोघम इम्प्रेशनिझम’पासून जपायचा इशारा दिला होता. १९०८ मध्ये स्वतः त्यानं प्रकाशक ज्याक द्यूरांला लिहिलं की मूर्ख लोक याला इम्प्रेशनिझम म्हणतात. चित्रकारांपेक्षा त्याची ऊठबस कवींकडे जास्त होती. मालार्मेच्या घरी, रोम रस्त्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये, मंगळवारी संध्याकाळी जी बैठक भरायची तिथे तो जात असे. त्याच्या संगीतातलं धुकं मोनेच्या चित्रांवरून आलं असं समजून ऐकलं की काहीतरी निसटतं. मालार्मेच्या वाक्यरचनेवरून आलं असं समजून ऐकलं तर पुष्कळ काही हाती लागतं.

पेच

१८९१ च्या सुरुवातीला पॉल फोरच्या तेआत्र दार या नाट्यसंस्थेनं फॉनची कविता रंगमंचावर वाचून दाखवण्याचा बेत जाहीर केला. संगीत देबुसीचं असणार होतं. बेत फसला. देबुसीच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. त्यानं तीन भागांची रचना योजली: प्रेल्यूद (सुरुवातीचा भाग), मधले इंटरल्यूद (जोडतुकडे) आणि शेवटी एक पॅराफ्रेज (मुक्त रूपांतर). त्यातला पहिलाच भाग पूर्ण झाला. कीर्तनात पूर्वरंग व्हावा आणि कथा लागायच्या आतच बुवांनी आरती घ्यावी, तसं हे झालं. नावात ‘प्रेल्यूद’ राहिलं ते यामुळे.

अपुरेपणाचा फायदाच झाला, असं मला वाटतं. तिन्ही भाग झाले असते तर मधल्या भागांना कवितेच्या मागून चालावं लागलं असतं. इथे अप्सरा पळाल्या, इथे गुलाबाचं झुडूप, इथे व्हीनस. देबुसीला याचा धोका कळत होता. समीक्षक विली याला त्यानं लिहिलं की हा कवितेचा एकंदर ठसा आहे. तिचा अधिक जवळून पाठलाग केला असता तर जातिवंत घोड्यांबरोबर शर्यतीत उतरवलेल्या टांग्याच्या घोड्यासारखी संगीताची छाती भरून आली असती. त्याच पत्रात आणखी एक वाक्य आहे: हे कदाचित फॉनच्या बासरीच्या तळाशी उरलेलं स्वप्न असेल.

दुसरी अडचण खुद्द मालार्मेची. तो संगीतद्वेष्टा मुळीच नव्हता. लामुरोच्या रविवारच्या मैफलींना तो नेमानं जायचा. पण तिथून परतताना त्याच्या मनात काय चाले? वाद्यवृंदानं कवितेचं धन पळवलंय आणि कवींनी ते परत घेतलं पाहिजे. शब्दांचं संगीत हेच खरं संगीत, ही त्याची श्रद्धा. अशा माणसाच्या कवितेला चाल लावणं म्हणजे तुझ्या ओळींत सूर कमी पडतात असं त्याला सांगण्यासारखं होतं. चाल लावली की त्याच्या बारा-बारा अक्षरांच्या ओळींचे श्वास गायकाच्या श्वासांना बांधले जाणार. चाल लावली नाही तर कवितेशी नातं उरणार फक्त नावापुरतं.

देबुसीनं यातून वाट काढली ती अशी: कवितेत जे सांगितलं आहे ते संगीतात सांगायचं नाही, कविता जे करते ते संगीतानं करायचं. कविता वाचकाला काय करते? एका प्रसंगाभोवती पुन्हापुन्हा फिरवते, दर वेळी तोच प्रसंग वेगळा दिसतो, आणि तो घडला का हे शेवटपर्यंत कळू देत नाही.

काळी एक

पेटी असेल तर समोर घ्या. सुरुवातीला बासरी एकटी आहे, सोबतीला कुणीच नाही. ती काळी एकवर थांबते, तिथून अर्ध्या सुरांनी घसरत पांढरी पाचपर्यंत उतरते, परत वर चढते. लगेच हेच पुन्हा. दोन टोकांमधलं अंतर बरोबर अर्ध्या सप्तकाचं आहे, म्हणजे षड्जापासून तीव्र मध्यम जेवढा लांब तेवढं. या दोन सुरांच्या जोडीत षड्ज कुठला हे कानाला ठरवताच येत नाही. कुणी स्वर दिलेला नाही, खाली ठेका नाही, पाय टेकायला जागा नाही.

काळी एकच का? त्या काळी नव्यानं रुळलेल्या बोएम पद्धतीच्या बासरीवर या सुराला जवळजवळ सगळी छिद्रं उघडी असतात. नळीचा फार थोडा भाग वाजतो आणि सूर जरा पातळ, हवेशीर, कडा नसलेला येतो. वादक एरवी ही उणीव झाकायला बघतात. देबुसीनं तीच उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवली. नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाच्या आवाजात असते तशी कसर त्याला हवी असावी. ही ओळ एका श्वासात काढायची, अशी पुढे बासरीवादकांत चुरसच लागली.

चौथ्या मापात ओबो, क्लॅरिनेट यांचा एक अधांतरी स्वरसमूह येतो, हार्प सरकन वर जाते, हॉर्न हाक दिल्यासारखे बोलतात. आणि मग एक अख्खं माप शांतता. सहाव्या मापात कुणीही काही वाजवत नाही. वाद्यवृंद अजून पुरता सुरूही झालेला नसताना थांबायचं, हे मोठं धाडस होतं.

खरी गंमत पुढे आहे. अकराव्या मापाला बासरी तीच ओळ त्याच काळी एकवरून घेते, पण आता खाली तारवाद्यांनी पांढरी दोनचा स्वरसमूह धरला आहे. म्हणजे तोच सूर आता निषाद झाला, वर चढायला आसुसलेला. एकविसाव्या मापाला पुन्हा तीच ओळ, पण खाली पांढरी तीन. आता तो धैवत आहे, निवांत बसलेला. सूर जागचा हललेला नाही. त्याच्या खालची जमीन बदलते आहे. फॉन एकच आठवण उगाळतो आणि दर वेळी तिचा अर्थ वेगळा निघतो, ते हे असं.

मग पंचावन्नावं माप येतं, रचनेचा बरोबर मध्य. फुंकवाद्यं मिळून प्रथमच एक लांब, भरलेली, गाण्यासारखी ओळ घेतात आणि मग ती तारवाद्यांकडे जाते. आणि इथे षड्ज कुठला? काळी एक. इतका वेळ जो सूर कधी निषाद, कधी धैवत म्हणून पोरका हिंडत होता त्याला घर मिळालं. ही सगळी जुळणी ऐकताना कळत नाही, कळायचं कारणही नाही. कानाला एवढंच जाणवतं की काहीतरी हाती आलं. काही क्षणांनी तेही सुटतं. बासरी ओळ परत घेते तेव्हा ती पांढरी तीनवरून, जास्त सावकाश. मग ओबो तिच्या धावत्या तुकड्याशी खेळतो.

वाद्यांची निवड बघण्यासारखी आहे. तीन बासऱ्या, चार हॉर्न, दोन हार्प आहेत. ट्रंपेट नाहीत, ट्रॉम्बोन नाहीत, नगारे नाहीत. मोठ्या वाद्यवृंदाकडून गर्जना करवून घ्यायची सोयच त्यानं ठेवली नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र आपल्या टाळांच्या जातीच्या दोन छोट्या चकत्या येतात. एक पांढरी तीनची, एक पांढरी सातची, म्हणजे रचना जिथे संपते त्या सुराचे षड्ज आणि पंचम. कवितेत कुठेही नाहीत त्या.

मापांची संख्या ११० आणि कवितेच्या ओळीही ११०. अभ्यासकांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. मी या आकड्याला फार भाव देत नाही. ओळ आणि माप समोरासमोर ठेवून वाचायला गेलं की दोन-चार ठिकाणी मेळ बसतो आणि बाकी ठिकाणी ओढाताण होते. पण तो निव्वळ योगायोग असेल यावरही विश्वास बसत नाही. देबुसीला अशी गुपितं ठेवायची हौस होती.

२२ डिसेंबर १८९४ आणि कवीची दाद

पहिला प्रयोग सोसिएते नासिओनाल या संगीतसंस्थेच्या मैफलीत, साल द’आर्कूरमध्ये झाला. निर्देशन गुस्ताव्ह दोरे या तरुण स्विस संगीतकाराचं आणि बासरी झोर्झ बारेर याची. तालमींतही देबुसी बदल करत राहिला होता. दोरेनं पुढे लिहिलं आहे की पाठमोऱ्या अवस्थेतही आपल्याला श्रोते मंत्रावल्यासारखे झालेले जाणवले, आणि ‘वन्समोअर’ला बंदी असताना त्यानं नियम मोडून रचना लगेच पुन्हा वाजवली.

देबुसीनं मालार्मेला निमंत्रण धाडलं होतं. तुमच्या फॉनच्या बासरीनंच या आकृती मला सांगितल्या, असं एका बहुधा अपराधी गर्वापोटी मला वाटलं. तुम्ही आलात तर आनंद होईल. मालार्मे आला. नंतर त्यानं लिहिलं की तुमच्या संगीताचा माझ्या शब्दांशी कुठेही विसंवाद नाही. असलाच तर एवढाच की ते हुरहुरीत आणि प्रकाशात माझ्याही पुढे जातं. पुस्तकाच्या एका प्रतीवर त्यानं चार ओळी लिहून दिल्या: वनदेवा, तुझी बासरी जमली असेल तर देबुसी तिच्यात जो प्रकाश फुंकेल तो ऐक. आणि देबुसीच्या आठवणीप्रमाणे, त्याआधी कधीतरी मालार्मे स्कॉटिश पट्ट्यापट्ट्यांची शाल पांघरून त्याच्या घरी आला होता, पियानोवर ही रचना ऐकून बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “असं काही असेल असं वाटलं नव्हतं.”

आता दुसरी बाजू. मालार्मेचा शिष्य पॉल व्हालेरी सांगतो की गुरुजी आतून नाराज होते. आपल्या कवितेला तिचं स्वतःचं संगीत पुरेसं आहे आणि कितीही उत्तम संगीत शेजारी आणून ठेवलं तरी तो कवितेवर अन्यायच, असं त्यांना वाटे.

मला यात विरोध दिसत नाही. मालार्मे खुशही असेल आणि दुखावलेलाही. प्रतिस्पर्ध्यानं आपलाच डाव आपल्यापेक्षा देखणा खेळला की माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन कूस बदलत राहतो. ‘माझ्याही पुढे जातं’ या स्तुतीतली कळ कवीशिवाय कुणाला कळणार?

नंतर

प्रतिकूल मतंही आली. संगीतकार कामिय सें-साँसनं म्हटलं की चित्रकाराची रंगाची थाळी जेवढं चित्र असते तेवढंच हे संगीत आहे. त्याला ते वाईट अर्थानं म्हणायचं होतं.

१९१२ मध्ये रशियन नर्तक निजिन्स्कीनं यावर बॅले केला. नर्तक ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांसारखे सपाट, बाजूनं दिसणारे; सात अप्सरा; शेवटी अप्सरेच्या ओढणीवर फॉनची जी हालचाल त्यावरून पॅरिसच्या वर्तमानपत्रांत रणधुमाळी. देबुसीला तो आवडला नाही आणि त्यानं तसं उघड सांगितलं. सोवळेपणाचा त्यात भाग नव्हता. त्यानं संगीतातून जी गोष्ट मुद्दाम काढून टाकली होती ती कुणीतरी हातपाय देऊन परत रंगमंचावर उभी केली होती.

१९१३ मध्ये मात्र तो मालार्मेच्या शब्दांकडे वळला. गायक आणि पियानो यांच्यासाठी तीन कविता: ‘सुपिर’, ‘प्लासे फ्यूतिल’ आणि ‘एव्हांताय’. आणि इथे पंचाईत झाली. मोरिस राव्हेल या दुसऱ्या फ्रेंच संगीतकारानं त्याच वर्षी मालार्मेच्या तीन कविता घेतल्या होत्या आणि त्यातल्या पहिल्या दोन अगदी त्याच. कवितांचे हक्क मालार्मेचे जावई बोनिओ यांच्याकडे होते आणि राव्हेलला परवानगी आधीच मिळून गेली होती. देबुसीनं द्यूरांला वैतागून लिहिलं की हा आत्मसंमोहनाचा प्रकार वैद्यकीय अकादमीपुढे ठेवण्याच्या लायकीचा आहे. शेवटी राव्हेलनंच रदबदली केली आणि देबुसीला परवानगी मिळाली. त्यानं ती गाणी मालार्मेच्या स्मृतीला आणि त्याच्या मुलीला अर्पण केली.

या गाण्यांत प्रत्येक अक्षर जागच्या जागी आहे, गाणं जवळजवळ बोलण्याच्या लयीत चालतं, पियानो कमीत कमी बोलतो. जाणकार त्यांना फार मानतात. फ्रेंच न येणाऱ्या माझ्यासारख्या श्रोत्याला मात्र ती बाहेरच थांबवतात. कागद हातात घेऊन भाषांतर वाचत ऐकावी लागतात. फॉनच्या बाबतीत तसं होत नाही. कविता आधी वाचली नसली तरी चालतं, आणि नंतर वाचली तर तिच्या बऱ्याच ओळी ओळखीच्या वाटतात. राव्हेलची ‘सुपिर’ आणि देबुसीची ‘सुपिर’ एकापाठोपाठ ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. राव्हेलकडे गायकासोबत दोन बासऱ्या आहेत, दोन क्लॅरिनेट, चार तारवाद्यं आणि पियानो.